मागे चर्च नसलेले फाटक

प्रिय अनिरुद्ध,

पत्रासाठी ही वेळ मी निवडलेली नाही. एका अहवालासाठी मला एका गोष्टीचा खुलासा हवा आहे आणि तो देऊ शकेल असा दुसरा कोणी उरलेला नाही, म्हणून लिहिते. पत्र शेवटाकडून वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी तसे करू नकोस. आधी वस्तुस्थिती, क्रमाने.

२००८ च्या सुरुवातीला तुझ्या ऑफिसला दुबईबाहेरच्या वाळूत एक 'इंग्लिश व्हिलेज' उभारायचे काम मिळाले. उतरत्या छपरांचे व्हिला, बदकांसाठी तळे आणि मधोमध मध्ययुगीन ग्रामचर्चच्या आकाराचे क्लबहाउस. क्लबहाउस तुझ्याकडे आले. सर्वांत आधी चर्चच्या आवाराचे फाटक बांधायचे ठरले, कारण माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो हवा होता. फाटक पूर्ण झाले. वर्ष संपायच्या आत पैसा आटला, क्रेन थांबल्या, आणि चर्चच्या पायाच्या आखणीसाठी मारलेल्या चुन्याच्या रेघा वाऱ्याने पुसून नेल्या. पुढच्या वर्षी तुझी नोकरी गेली. तू अबू धाबीत, मुसाफ्फाजवळ, एका कोल्हापूरकर कंत्राटदाराकडे लागलास, मोहम्मद बिन झायद सिटीत खोली घेतलीस, आणि फक्त सुट्टीला दुबईच्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला, येऊ लागलास. गेल्या वर्षी तू गेलास. या महिन्यात ती जमीन एका नव्या मालकाने घेतली. तिच्यावर उभ्या असलेल्या एकुलत्या एका बांधकामाला काही वारसामूल्य आहे काय, हे ठरवण्यासाठी त्यांनी तज्ज्ञ नेमला आहे. तो तज्ज्ञ मी आहे.

ते बांधकाम माझ्या नवऱ्याचे आहे, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले. त्यांचा मॅनेजर म्हणाला, "डॉक्टर, नो प्रॉब्लेम. दुबईत चर्चचं दुसरं कोणाला कळतं? मला फक्त एक लाइन द्या. हेरिटेज, यस ऑर नो. नो असेल तर यल्ला, बुलडोझर, खलास." अहवाल गुरुवारी द्यायचा आहे.

तू गेलास त्याबद्दल या पत्रात काही असेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. मला तेव्हा काही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. कोणी विचारले की मी "ठीक आहे" म्हणते, आणि ते खरे असते.

इंग्लंडात, नॉरफकमधले ते रविवार तुला आठवतात? रविवारी बस जवळजवळ नसायचीच. आपण भाड्याच्या सायकली घेऊन निघायचो, एका मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्याकडे. चर्चला कुलूप असले की दारावर चिठ्ठी असायची, किल्ली समोरच्या घरी. किल्ली आणायला नेहमी तू जायचास आणि चहा पिऊन परत यायचास. तोवर मी बाहेरून भिंत वाचून काढलेली असे: कुठे नॉर्मन चिणाई संपली, कुठे पुढच्या शतकातल्या गवंड्याने खिडकी मोठी केली, उत्तरेचा दरवाजा केव्हा बुजवला. तू येऊन विचारायचास, "झाली का उलटतपासणी?"

दक्षिणेच्या भिंतीवर, देवडीशेजारी, दगडात कोरलेले ते वेडेवाकडे सूर्यतबकडीचे वर्तुळ सापडले की तू सायकल टाकून धावायचास. मधल्या भोकात पेन्सिल खुपसायची, सावली कोणत्या रेघेवर पडते ते पाहायचे आणि प्रार्थनेची वेळ झाली की नाही ते जाहीर करायचे. माझ्या घड्याळाशी ते कधीच जुळले नाही. "घड्याळ चुकतंय तुझं," तू म्हणायचास. "हे पाचशे वर्षं चालू आहे."

आणि भिंतीतले ते जिने. वेदीसमोरचा उंच लाकडी सज्जा धर्मसुधारणेच्या काळात उतरवला गेला, पण त्याच्याकडे नेणारा अरुंद जिना भिंतीतच राहिला, वर जाऊन हवेत संपणारा. प्रत्येक ठिकाणी तू चढलास. मी खालून विचारले, "वर काय आहे?"

"काही नाही. पण इथून तू छान दिसतेस."

मी म्हटले, ही स्थापत्यविषयक माहिती नव्हे.

लिचगेट आपण पहिल्यांदा पाहिले ते भर पावसात. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी लाकडी खांबांवर पेललेले छप्पर आणि मधोमध लांबट दगडी बाक. किल्लीवाल्या बाईंना तू विचारलेस की भर वाटेत हे बाक कशासाठी. त्या म्हणाल्या, "आम्ही त्यांना इथे टेकवतो, बाळ. व्हिकर येऊन आत घेऊन जाईपर्यंत." लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत मृत देह. खांदेकऱ्यांनी शवपेटी इथे ठेवायची, छपराखाली थांबायचे, आणि आतून धर्मगुरू आला की पुढे निघायचे. तू बाकावर हात ठेवून बराच वेळ उभा होतास. मग म्हणालास, "आमच्या गावाला ओढ्याशी असा दगड आहे."

मी खांब पाहत होते. म्हणाले, "हे फाटक मध्ययुगीन नाही. करवतीच्या खुणा पाहा, एकोणिसावं शतक. खरी मध्ययुगीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत." तू "बरं" म्हणालास आणि सायकल काढलीस. ओढ्याशी त्या दगडावर काय करतात, ते वाक्य तू पूर्ण केले नाहीस. का नाही केलेस?

म्हणून तू जेव्हा वाळवंटात लिचगेट बांधायला घेतलेस, तेव्हा मी जे बोलले ते आजही तसेच लिहिते. ज्या आवारात कोणाला पुरायचे नाही, त्याला प्रेतांचे फाटक कशाला? इंग्लंडमधले चर्च एका माणसाने एका वर्षात बांधलेले नसते. कुणाच्या आजोबांनी मनोरा अर्धा सोडला, प्लेगनंतर वेगळ्याच हाताने तो पुरा केला, कुणी भिंतीवर रंगवलेला नरक चुन्याने झाकला, तीनशे वर्षांनी तो पुन्हा डोकावू लागला. ते काँक्रीटच्या साच्यात ओतता येत नाही. तू जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून ऐकत बसायचास आणि शेवटी म्हणायचास, "भाषण उत्तम. आता मीठ दे."

एके संध्याकाळी त्या नकाशांत मला ते बाक दिसले. तू सगळे फाटक बिनचूक काढले होतेस, छपराचा उतार, खुंट्यांचे सांधे, सारे. बाक मात्र बुटके होते. मी लाल पेन घेतले.

"हा ओटा झाला, बाक नव्हे. उंची निम्मीसुद्धा नाहीये. शवपेटी ठेवताना वाकायला लागू नये म्हणून ते उंच असतं."

"वाकू देत की," तू म्हणालास.

"कोणाला?"

"खांदेकऱ्यांना. वाकलं की पाठ मोकळी होते."

"हे उत्तर नाही, अनिरुद्ध. आणि दिशाही चुकली आहे. वाट पूर्व-पश्चिम आहे, तर बाकही पूर्व-पश्चिमच हवं. तू ते आडवं टाकलंयस. दक्षिणोत्तर. वाट अडते आहे."

"क्लायंटचं मार्केटिंग खूश आहे. त्यांना वाटतं फॅमिली सीटिंग आहे."

"त्यांना सांगितलंस ते काय आहे ते?"

"सांगितलं तर फोटोवर येणार नाही ना."

मी दोन्ही चुकांवर लाल वर्तुळे केली. तू कागद घडी घालून खिशात टाकलास आणि जसे काढले होते तसेच बांधलेस. पुढे क्लायंटची तक्रार आली की गोल्फ बग्गी फाटकातून जात नाही. मला समाधान वाटले. मी तुला तसे म्हटलेही. तू हसून म्हणालास, "बग्गीवाल्यांनी उतरून चालावं. तिथून पुढे सगळे चालतच जातात."

ते फाटक मी तेव्हा एकदाच पाहिले, फोटो काढायच्या दिवशी. आजूबाजूला अजून वाळूच होती. भाड्याने आणलेल्या चार इंग्रज मुलांना टोप्या घालून त्या ओट्यावर बसवले होते. मी गाडीतच थांबले. नंतर काम थांबले, तुझी नोकरी गेली, आणि मुसाफ्फाहून आलास की शुक्रवारी सकाळी तू कधीकधी तिकडे जाऊ लागलास. "फाटकावर जाऊन येतो," म्हणायचास, जसे लोक समुद्रावर जाऊन येतात. परत आलास की बुटांत वाळू असायची. मी कधी विचारले नाही की तिथे काय करतोस. विचारले असते तर सांगितले असतेस का? ईशा एकदा तुझ्याबरोबर गेली होती. ती परत येऊन म्हणाली, "नथिंग, आई. बाबा जस्ट सिट्स."

एका शुक्रवारी सकाळी तू फाटकावर जायला निघालास आणि बूट घालता घालता भिंतीला टेकलास. पुढचे सारे कागदोपत्री नीट झाले. पोलीस, इस्पितळ, वकिलात, प्रत्येक ठिकाणी कोणता कागद आधी लागतो याचा क्रम मी लावला आणि कुठेही परत फिरावे लागले नाही. मंडळातले बर्वेकाका, जे इथल्या प्रत्येक मराठी घरात अशा वेळी उभे राहतात, म्हणाले, "वहिनी, इतकं सुरळीत मी कधी पाहिलं नाही." मला ती प्रशंसा योग्य वाटली.

जेबेल अलीच्या स्मशानभूमीकडे आम्ही तुला नेणाऱ्या शववाहिनीतच होतो. बर्वेकाका पुढे, मी आणि ईशा मागे, तुझ्याजवळ. अर्ध्या रस्त्यात काका अचानक मागे वळले.

"वहिनी, विसावा राहिला."

मला कळले नाही.

"अहो, विसावा. तिरडी अर्ध्या वाटेत खाली टेकवायची. खांदेकरी पुढचे मागे, मागचे पुढे होतात. मग उचलायची. तेवढी विश्रांती द्यायची असते. इथं खांदेच नाहीत, तरी दोन मिनिटं गाडी थांबवू या." ते ड्रायव्हरला म्हणाले, "भाई, जरा साइडला लेना."

"साब, इधर रुकना मना है. कॅमेरा है, फाइन आएगा."

"अरे, बॉडी है भाई."

"बॉडी को फाइन नहीं आएगा, साब. मेरे को आएगा."

काका माझ्याकडे पाहत राहिले. ईशाने माझा हात धरला होता. मी म्हणाले, "गाडी चालू द्या." नियम नियम असतो. गाडी कुठेही न थांबता पोहोचली.

गेल्या गुरुवारी दुपारी मी मोजमापांसाठी साइटवर गेले. ईशाला सुट्टी होती, तीही आली. शेजारच्या जमिनीवर काम सुरू झाले आहे, आणि तिथले मजूर पाळी संपल्यावर मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पकडे नेणाऱ्या बसची वाट पाहत तुझ्या फाटकाखाली बसतात. मैलभर दुसरी सावली नाही. तुझ्या ओट्यावर ते मांडी घालून बसले होते, मधे डबे उघडे. उंच बाकावर मांडी घालून बसता येत नाही, हे मला त्या वेळी दिसले. मी टेप काढल्यावर ते उठू लागले. मी म्हटले, बसा.

त्यांच्यातला एक वयस्क माणूस म्हणाला, "मॅडम, ये गेट तोडेंगे क्या?"

"अभी तय नहीं हुआ."

"तोडना है तो गर्मी के बाद तोडिए."

दुसरा म्हणाला, "मॅडम को बोलके क्या होगा? मॅडम तो नापने आई है."

सगळे हसले. त्याचे म्हणणे अचूक होते.

ईशा म्हणाली, "आई, इट्स अ बस स्टॉप. दे लव्ह इट."

"हे लिचगेट आहे."

"देअर्ज नो चर्च. देअर्ज नो ग्रेव्ह. बट देअर इज अ बस. सो."

मी खांब तपासले. तुझे सांधे अजून घट्ट आहेत. एवढे श्रेय द्यावे लागेल. ओट्याची उंची मोजली. लाल वर्तुळातली होती तीच. होकायंत्र ठेवले. ओटा दक्षिणोत्तर, अंशाचाही फरक नाही. जागेवर, वाळूत, दिशा इतकी अचूक साधायला खटपट करावी लागते. चुकून साधत नाही.

मी हे लिहून घेत होते, तेवढ्यात शेजारच्या साइटवरून चार माणसे खांद्यांवर फळ्यांची लांब मोळी घेऊन आली. फाटकाखाली येताच त्यांनी काही न बोलता एकदमच गुडघे वाकवले आणि ती मोळी तुझ्या ओट्यावर टेकवली. डबेवाल्यांनी पाय आवरून जागा करून दिली. चौघांनी कमरेवर हात ठेवून पाठी मागे ताणल्या. मग पुढचे दोघे मागे गेले, मागचे पुढे आले. कोणीतरी "यल्ला" म्हटले. त्यांनी उचलले आणि ते गेले.

ईशा काहीतरी विचारत होती. मी तिला म्हटले, गाडीत बस.

अनिरुद्ध, मी बत्तीस वर्षे इमारती वाचते. एक चूक ही चूक असते. दोन चुका एकाच बाजूला झुकल्या की तो हेतू असतो. इंग्रजी बाक उंच असते. तू ते जमिनीलगत आणलेस. इंग्रजी बाक पूर्व-पश्चिम असते. तू दक्षिणोत्तर टाकलेस, आपल्याकडे गेलेल्या माणसाला ठेवतात तसे. आणि हे दोन्ही त्या माणसाने केले, ज्याच्या नकाशात मला दुसरी एकही चूक कधी सापडली नाही. तुझ्या गावच्या ओढ्याशी विसाव्याचा दगड होता, हे तू मला त्या पावसात सांगत होतास काय? लाल वर्तुळे पाहून तू कागद नुसता खिशात टाकलास, ते त्यामुळे? मग टेबलावर, मीठ मागताना, एका वाक्यात सांगता आले नसते? सारे आयुष्य तू अर्धी वाक्ये ठेवून उठलास आणि ती पुरी करायची जबाबदारी माझ्यावर टाकलीस. मला ते आवडलेले नाही.

आणि माझी खरी अडचण वेगळी आहे. माझ्या अहवालात प्रत्येक भागापुढे त्याचे प्रयोजन लिहावे लागते. छप्पर: सावली. खांब: आधार. ओट्यापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. 'फॅमिली सीटिंग' मी लिहिणार नाही. 'शवपेटीचे बाक' लिहिले तर ते चुकीचे ठरते, दोन्ही मोजमापांनी. जे मला वाटते आहे ते लिहिले तर तो तर्क आहे, आणि तर्कावर मी कधी सही केलेली नाही. तुझ्यासाठीही करणार नाही.

माझे वचन असे. अहवालात 'वारसामूल्य: नाही' असेच लिहिलेले असेल, कारण ते नाहीच, आणि मी एकही खोटे वाक्य तुझ्या नावाखाली जाऊ देणार नाही. त्याखाली, वेगळ्या परिच्छेदात, हे बांधकाम पाडू नये अशी शिफारस असेल, कारण ते रोज वापरात आहे आणि ज्या कामासाठी वापरात आहे ते काम करणारे दुसरे काही आसपास नाही. मॅनेजर एकच ओळ मागतो. त्याला पूर्ण पान मिळेल, आणि ते वाचून दाखवायला मी स्वतः जाईन. त्यांनी तरीही पाडले तर तो त्यांचा निर्णय. पण त्याआधी, येत्या शुक्रवारी सकाळी, मी तिकडे जाईन. त्या दिवशी गाडी थांबली नाही. या वेळी थांबेल. ईशा चालवील आणि मी उतरून चालत जाईन.

राहिला तुझा खुलासा. तो ओटा विसाव्यासाठी होता काय? हो किंवा नाही, एवढे पुरे. आणि हो असेल, तर तो कोणासाठी बांधलास, हेही. उत्तर लेखी हवे, तुझ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात. तोंडी काही चालणार नाही.

तुझी,
वैजयंती